वारा पाठीवर घे

अगं, परवा फोनवर तू अगदी सहज बोलून गेलीस, "ताई, इथल्या बायका सत्तरीच्या झाल्या तरी सायकलला पिशव्या बांधून गावंच्या गावं हिंडतात. मला कुठलं जमायला?" मग तू विषय बदललास, पण मला रात्री झोप लागेना. चौदा वर्षांपूर्वी मी या देशात नवी होते तेव्हा हेच वाक्य रोज स्वतःला ऐकवत होते. ते खरं नाही हे कळायला माझे सहा उन्हाळे गेले. तुझे तरी जाऊ नयेत, म्हणून लिहायला बसलेय.

तुला सायकल येते. बाबांच्या उंच सायकलच्या नळीखालून पाय घालून तू शिकलीस, सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या मैदानावर. मी सीट धरून मागे पळत होते आणि तुला न सांगता हात सोडला. वीस-पंचवीस हात सरळ गेलीस, मग मागे वळून बघितलंस आणि पडलीस. दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. पुढे बारावीपर्यंत शाळा, क्लास, भाजी, सगळं सायकलवरच केलंस. नंतर स्कूटी आली, लग्न झालं, हा देश आला. पाय काही विसरलेले नाहीत.

आता कुठं जायचं ते सांगते. ऱ्हाईन नको. सुंदर आहे, पण तिच्या ज्या भागाचे फोटो सगळे टाकतात तिथं दोन्ही काठांना रेल्वे आणि मोटारींचा रस्ता आहे, कान शांत होत नाहीत. तू एल्बला जा. चेक डोंगरांतल्या उगमापासून कुक्सहाफेनच्या समुद्रापर्यंत तिच्या काठाने 1,200 किलोमीटरहून लांब सायकलवाट आहे. त्यातला बर्लिन आणि हांबुर्ग यांच्या मधला पट्टा निवड, हित्साकर ते टांगरम्युंडे. फिरत फिरत दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर होतील. जर्मन भाषेत ऱ्हाईन पुल्लिंगी आहे, एल्ब मात्र आपल्या कृष्णेसारखी बाई. मला तेवढ्यानेही ती जवळची वाटली होती.

हा मुलूख सपाट आहे म्हणजे किती, तर मागडेबुर्गला नदी समुद्रसपाटीपासून साधारण 40 मीटरवर असते आणि समुद्र तिथून आणखी 400 किलोमीटर लांब. किलोमीटरला जेमतेम 10 सेंटिमीटर उतार! हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाचं वितळलेलं पाणी याच वाटेने समुद्राकडे गेलं, म्हणून आजच्या नदीला न शोभेल इतकी रुंद दरी तिच्या वाट्याला आली आहे. तिथं सायकलचे गिअर बदलायची वेळ फारशी येत नाही.

पण इथंच माझी मोठी चूक झाली, ती नीट ऐक. पहिल्यांदा मी टांगरम्युंडेहून निघाले आणि नदीबरोबर खाली गेले. पाणी जिकडे वाहतं तिकडे जाणं सोपं, असा सरळ हिशोब. चार दिवस वारा तोंडावर. इथला वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो, समुद्रावरून मोकळ्या कुरणांत शिरतो आणि त्याला अडवायला काही नसतं. डोंगराचा चढ संपतो तरी, आणि पलीकडे उतार मिळतो. वाऱ्याला पलीकडची बाजूच नसते. दुसऱ्या दिवशी लेंत्सेनजवळ बांधावर सायकल आडवी टाकून मी रडले होते, हे आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा तू उलटी जा. हित्साकरला सुरुवात कर आणि नदीच्या विरुद्ध वर ये. त्या 10 सेंटिमीटरच्या चढाचं पायांना काही कळत नाही, वारा पाठीवर असला की मात्र लगेच कळतं. तरी एखाद्या दिवशी तो फिरला, तर बांधाच्या माथ्यावरची वाट सोडून जमिनीकडच्या पायथ्याची वाट धर. बऱ्याच ठिकाणी दोन्ही असतात.

दुसरं, रोज 30-35 किलोमीटरच्या वर जायचं नाही. "फक्त तीस?" असं घरात कुणीतरी म्हणेल, म्हणू दे. त्या पहिल्या वेळी मी रोज 70-80 किलोमीटर मारत होते. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत पडून नकाशावर बोट फिरवायचे आणि वाटेत काय दिसलं ते आठवायला जायचे, तर पुढचं चाक आणि डांबर एवढंच आठवायचं. जिथं पुढे मी पूर्ण दुपार बसून काढली, ते करकोच्यांचं गाव त्या वेळी मी दहा मिनिटांत पार केलं होतं.

हित्साकरला ल्युनेबुर्गहून छोटी गाडी जाते. डॉइचलांडटिकेट तुझ्याकडे आहेच, सायकलचं तिकीट बहुतेक ठिकाणी वेगळं काढावं लागतं. शुक्रवारी दुपारी आणि रविवारी संध्याकाळी सायकल घेऊन गाडीत शिरू नकोस. एवढं पाळलंस की झालं.

हित्साकर म्हणजे लाकडी चौकटींत विटा भरलेल्या घरांचं गाव. उभ्या-आडव्या काळपट तुळया, मधे फिकट भिंती. 2002 मध्ये आणि पुन्हा 2006 मध्ये एल्ब या गल्ल्यांतून फिरली. त्यानंतर गावाने पुराची भिंत बांधली. जुन्या घरांवर पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा शोध. मी त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा आपल्याकडचा 2005 चा पूर आठवला होता. नंतर 2019 मध्ये आपल्या सांगलीच्या घराच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, तसाच डाग उमटला. पुढच्या उन्हाळ्यात मी परत आले आणि त्या भिंतीला हात लावून उभी राहिले. एक म्हातारेबुवा थांबले. माझं जर्मन अडखळत होतं, तरी "आमच्याकडेही" एवढे शब्द त्यांना पुरले. त्यांनी मला स्वतःच्या अंगणात नेऊन त्यांच्या भिंतीवरच्या रेघा दाखवल्या.

हित्साकरहून छोट्या होडीने पलीकडे जा आणि उजव्या, म्हणजे पूर्वेच्या काठाने वाट धर. आता तू पूर्वीच्या पूर्व जर्मनीत आहेस. श्नाकेनबुर्गपासून लाउएनबुर्गपर्यंत सुमारे 94 किलोमीटर ही नदीच दोन जर्मनींची सीमा होती. पूर्वेच्या काठावर तारेचं कुंपण, टेहळणीचे मनोरे, आणि सीमेलगतच्या गावांत जायलासुद्धा परवाना. नदीकाठी जन्मलेल्या माणसांना वर्षानुवर्षं नदीवर जाता येत नव्हतं. कृष्णेच्या घाटाला कुंपण घातलंय आणि आई तिथं दिवा सोडायला जाऊ शकत नाही, असं मनात आणून बघ. वाटेत कुठं भोकं असलेल्या सिमेंटच्या फरश्यांच्या दोन पट्ट्या लागल्या, तर ती गस्तीच्या गाड्यांची जुनी वाट. चाक भोकांत अडखळतं, तिथं उतरून चाल.

त्याच वाटेवर र्‍यूटरबेर्ग आहे. या गावाला नदीच्या बाजूने कुंपण होतंच, पुढे मागच्या बाजूनेही घातलं. आत-बाहेर करायला एक फाटक, तेही रात्री बंद. 1989 च्या नोव्हेंबरमध्ये गावकरी सभेला जमले आणि त्यांनी ठरवलं की आमचं गाव म्हणजे आमचं प्रजासत्ताक. तारीख 8 नोव्हेंबर. दुसऱ्याच रात्री बर्लिनची भिंत उघडली. गावात बघायला तसं फार नाही, पण बाकावर बस, डबा उघड. मी तिथं बसले की नेहमी वाटतं, उद्या काय होणार याचा त्या माणसांना जरासुद्धा पत्ता नव्हता, आणि तरी त्यांनी हात वर केले.

पुढे ड्योमित्स. रस्त्याच्या पुलावर अर्ध्यापर्यंत जा आणि पश्चिम काठाकडे बघ. कुरणात जुन्या रेल्वेपुलाच्या लोखंडी कमानी रांगेने उभ्या आहेत आणि नदीपाशी येऊन अचानक संपतात. 1945 च्या एप्रिलमधल्या बॉम्बहल्ल्यात तो पूल तुटला, मधे सीमा आली, मग कुणी जोडलाच नाही. तू ज्या पुलावर उभी असशील तो 1992 चा.

लेंत्सेनजवळ तर वेळ काढच. नदी तिथं अशी वळते की पुराच्या वेळी सगळं पाणी येऊन बांधावर धडकायचं. लोकांनी जुना बांध कापला आणि नवा मागे, आत सरकवून बांधला. सुमारे 420 हेक्टर जमीन नदीला परत दिली. तिथं आता पाणथळ रानं वाढतायत, बगळे आहेत. 2013 मध्ये पूर आला तेव्हा या मोकळ्या जागेमुळे आसपासची पातळी खाली राहिली. मागच्या महिन्यात तुझ्या नवऱ्याने पाठवलेला तो सांगलीच्या पूररेषेवरचा लेख वाचताना माझ्या डोळ्यांपुढे हा बांध होता. आपल्याकडे नदीला मागे ढकलत भराव टाकतात, घरं बांधतात, आणि ती आत आली की तिलाच नावं ठेवतात. मला याचा फार राग येतो.

बांधांवर मेंढ्या दिसतील. त्या नुसत्या चरत नाहीत. त्यांच्या दातांनी गवत आखूड राहतं, खुरांनी माती घट्ट बसते, म्हणून बांध टिकतो. फाटक उघडलंस तर आठवणीने लाव. आणि नदीत जागोजागी दगडांचे आडवे दांडे शिरलेले दिसतील, प्रवाह मधोमध राहून बोटींना खोली मिळावी म्हणून 19 व्या शतकात घातलेले. दोन दांड्यांच्या मधे वाळूचा लहानसा किनारा तयार होतो. तिथं पाय बुडवून बस, पण दांड्याच्या टोकाशी पोहायला जाऊ नकोस, भोवरे असतात.

विटेनबेर्गेत मुक्काम केलास तर सिंगरच्या जुन्या कारखान्याचा घड्याळाचा मनोरा बघ. आजीच्या शिलाई मशीनवरचं नाव तुला तिथं भेटेल. तिथून सकाळी निघून दुपारच्या आत र्‍यूश्टेटला पोच. हेच ते करकोच्यांचं गाव. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत जवळजवळ प्रत्येक छपरावर घरटं असतं, आणि घरांवर पाट्या असतात: कोणत्या वर्षी जोडी कधी आली, पिल्लं किती झाली. आपल्याकडे दारावर माणसांची नावं, इथं पाहुण्यांची. करकोच्याला आवाज जवळजवळ नसतो, तो चोच वाजवतो, टाळ्या दिल्यासारखा. एक सुरू झाला की छपराछपरावर सुरू होतात. हिवाळ्यात ते जातात कुठं, हे युरोपात पूर्वी कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. 1822 मध्ये उत्तर जर्मनीत क्ल्युत्सजवळ एक करकोचा सापडला, त्याच्या मानेत आफ्रिकेतला बाण रुतलेला. तेवढं अंतर तो तसाच उडत आला होता. रोस्टॉकच्या विद्यापीठात तो अजून जपून ठेवलाय. हे वाचल्यापासून मी त्या छपरांखाली बसले की आपल्या दोघींचाच विचार येतो. इतक्या लांबून आलो आपण, मानेत काय काय घेऊन, आणि इथं छप्पर धरून राहिलो.

आता दोन बायकांमधलं बोलते. पॅडवाली सायकलची चड्डी घे आणि तिच्या आत दुसरं काही घालू नकोस, शिवणी घासून सोलवटतं. रोज रात्री धुऊन वाळत घाल, आणि सकाळी निघताना मलम लाव. सीट मऊ असण्यापेक्षा रुंदीला बरोबर हवी, बसताना जी दोन हाडं टेकतात ती सीटवर टेकली पाहिजेत. दुकानात मोजून देतात, लाजू नकोस. बाथरूमची अडचण होते हे खरं आहे. सगळं मोकळं रान, आडोसा नाही. म्हणून प्रत्येक गावात कॉफी प्यायला थांब आणि आधी तिकडे जाऊन ये. त्यासाठी पाणी कमी प्यायचं मात्र नाही, मी तसं करून मूत्रमार्गाच्या जळजळीने दोन दिवस वाया घालवलेत. पाळीची तारीख मधे आली तर येऊ दे, एक दिवस मुक्काम वाढव.

भाड्याची सायकल घेणार असशील, तर घेण्याआधी उलटं पेडल मारून बघ. इथल्या कितीतरी सायकलींना मागे पेडल दाबलं की ब्रेक लागतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. सवयीने पेडल मागे फिरवलं आणि भर चौकात गचकन थांबले, मागून येणाऱ्या बाईंनी कसंबसं वाचवलं. आधी रिकाम्या गल्लीत पाच-दहा फेऱ्या मार. सामान पाठीवर नको, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकव. माझ्याकडच्या घेऊन जा.

मे-जूनमध्ये या भागात ओकच्या झाडांवर एक केसाळ सुरवंट असतो, खोडांवर जाळी करून राहतो. त्याचे बारीक केस उडतात आणि अंगभर आग होते. जाळी दिसली की त्या सावलीत बसू नकोस, कितीही ऊन असो. गवतात बसलीस तर रात्री गुडघ्यामागे, कमरेला गोचीड बघ.

खाण्याचं तुला वाटतं तितकं अवघड नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच फळं-ब्रेड घेऊन ठेव. सोमवार-मंगळवार गावातलं एकुलतं एक गास्टहाउसही सुट्टीवर असू शकतं, आदल्या दिवशी फोन करून विचार. रोख पैसे हवेतच. वाटेत घरांपुढे टेबलावर चेरी, मध, अंडी आणि शेजारी पैशांचा डबा, माणूस कुणी नाही. मोजून टाकायचे आणि घ्यायचं. 24 जूनपर्यंत पांढरं शतावरीसारखं श्पार्गेल मिळतं, लोणी आणि बटाट्यांबरोबर. आणि तुला आवडेल असं एक सांगते: उकडलेले बटाटे, क्वार्क आणि वरून जवसाचं तेल. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्का. पहिला घास घेतला आणि मला आजीच्या जवसाच्या चटणीचा वास आला. तरी थालीपीठाची भाजणी बरोबर ने. पेन्झिओनच्या, म्हणजे छोट्या मुक्कामघराच्या, मालकीणबाईंना विचारलंस तर तवा देतात, मला तीनदा दिलाय. मुक्कामासाठी 'बेट+बाइक' पाटी बघ, तिथं एकाच रात्रीसाठीही घेतात, सायकल कुलपात राहते आणि ओले कपडे वाळवायची सोय असते.

तू विचारलं नाहीस, पण मनात असणार, एकटीने, आपल्या रंगाची बाई, या आडगावांत? खरं सांगते. बघतात. कधी जरा जास्तच वेळ बघतात. मी आधी नजर चुकवायचे, आता मीच आधी मोठ्याने "मोइन" म्हणते, बहुतेकदा समोरचा चेहरा सैल होतो. एखाद्या ठिकाणी नाही होत. तिथं मी थांबत नाही, पुढच्या गावात कॉफी पिते. इतक्या वर्षांत सायकलवर मला कुणी इजा केलेली नाही, आणि पंक्चर झालं तेव्हा प्रत्येक वेळी कुणीतरी थांबलंय. अंधाराच्या आत मुक्कामी पोचायचं एवढं पाळते, आणि जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो.

बाड विल्स्नाकला खारट गरम पाण्याचे तलाव आहेत, र्‍यूश्टेटहून जवळच. तिथं एक संध्याकाळ पाय सोडून पड. मग हाफेलबेर्ग, हाफेल नदीवरचं. पुढे झांडाऊला पलीकडे काही काम नसलं तरी होडीने जाऊन परत ये. तिला इंजिन लागत नाही. वरच्या अंगाला नदीत नांगरलेल्या लांब तारेला ती बांधलेली असते. होडीवाला तिला प्रवाहाशी जरा तिरकी करतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलतं. आवाज फक्त पाण्याचा. मी एका दुपारी चार वेळा ये-जा केली, चौथ्यांदा त्याने पैसे घेतले नाहीत.

शेवटच्या दिवशी जरा वाट वाकडी करून येरिखोचा लाल विटांचा मठ बघून ये, 1144 मध्ये स्थापन झालेला. फिशबेकला 2013 मध्ये बांध फुटला तेव्हा भगदाड बुजवायला मालवाहू बोटी आणून तिथं बुडवल्या होत्या. आता तिथं शेतं आहेत. मग पूल, आणि पुलावरून समोर टांगरम्युंडेची तटबंदी. तिथून श्टेंडालला गाडी मिळते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी सुट्टी टाकलीय. पहिल्या दिवशी हित्साकरहून तुझ्याबरोबर येते, ड्योमित्सच्या पुलापर्यंत. रात्री एकत्र राहू. सकाळी मी मागे फिरेन आणि तू लेंत्सेनकडे जाशील. या वेळी सांगून सोडतेय. पिशव्या न्यायला येशील तेव्हा भाजणीचा रिकामा डबा आण, ताजी करून ठेवते.